मागून चालणारा नायक

दिवाळीच्या सुटींत आमचे विद्यार्थी मांडव्याहून बोटीनें मुंबईस जातात, तेव्हां तेथील एखाद्या उद्यानांत सकाळच्या प्रहरीं त्यांस एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळतो. दहावीस स्त्रीपुरुष वर्तुळ करून उभे असतात. त्यांत पेन्शनर असतात, गृहिणी असतात, एखादा दुकानदारहि असतो. ते हात उंच करून दीर्घ श्वास घेतात, तालावर टाळ्या वाजवितात, आणि कोणीं विनोद सांगितला नसतांहि एकाएकीं खदखदां हंसूं लागतात. मध्यभागीं एक जण उभा राहून साऱ्यांस सूचना देत असतो. परत आल्यावर विद्यार्थी आम्हांस त्या साऱ्याची नक्कल करून दाखवितात आणि विचारतात, "सर, हीं माणसें वेडीं आहेत काय?"

प्रश्न थट्टेनें विचारलेला असला तरी त्याचें उत्तर थट्टेनें देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. हीं माणसें वेडीं नाहींत. मन ठिकाणावर राहावें म्हणूनच तीं भल्या सकाळीं उठून तेथें आलेलीं असतात. मध्यभागीं उभा असलेला तो मनुष्य बहुधा डॉक्टर नसतो, आणि पगारी शिक्षकहि नसतो. तो स्वयंसेवक असतो. शरीराच्या हालचालीनें मनाचें आरोग्य राखण्याचें काम जगांत ठिकठिकाणीं अशाच बिनपगारी नायकांच्या बळावर चाललें आहे. हा नायक नेमकें काय करितो, आणि त्याच्यावांचून तें काम कां चालत नाहीं, हें आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हालचालीचा आणि मनाचा संबंध काय तें पाहूं. भरभर चालून आलें, पोहून आलें किंवा कबड्डीचे दोन डाव खेळून आलें म्हणजे चित्त हलकें होतें, हा अनुभव सर्वांस आहे. त्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत. श्रमानें शरीर थकतें व रात्रीं झोंप चांगली लागते. आणि झोंपेचा व मनाच्या स्वास्थ्याचा संबंध फार निकटचा आहे. खेळतांना लक्ष चेंडूकडे, श्वासाकडे किंवा समोरच्या गड्याकडे लागतें, त्यामुळें तीच तीच चिंता घोळवीत बसण्यास मनास सवड मिळत नाहीं. हालचालीनें मेंदूंतील कांहीं रासायनिक द्रव्यांचें प्रमाणहि बदलतें. शिवाय, काल वडाच्या झाडापर्यंत चाललों, आज बंदरापर्यंत चाललों, एवढ्या लहानशा यशानेंहि आपण अगदींच निरुपयोगी नाहीं असें मनुष्यास वाटूं लागतें.

ही केवळ समजूत नव्हे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जेम्स ब्लूमेंथाल व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. पन्नाशी गांठलेल्या अथवा ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्त रुग्णांचे त्यांनीं तीन गट केले. एका गटास औषध दिलें, दुसऱ्या गटाकडून आठवड्यांतून तीन वेळां व्यायाम करविला, आणि तिसऱ्या गटास दोन्ही उपाय लागू केले. औषधाचा गुण लौकर दिसला. परंतु १६ आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. यावरून कोणीं आपलें औषध बंद करण्याचें मनांत आणूं नये, कारण हा प्रयोग तज्ज्ञांच्या नजरेखालीं झाला होता. आमच्या विषयास उपयोगी अशी गोष्ट निराळीच आहे. तो व्यायाम रुग्णांनीं घरीं एकट्यानें केलेला नव्हता. ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या जागीं, इतरांच्या सोबतीनें व कोणाच्या तरी देखरेखीखालीं तो होत असे.

येथें एक मोठी अडचण उभी राहते. ज्याचें मन प्रसन्न आहे त्यास व्यायाम सुचतो. ज्यास त्याची खरी गरज आहे त्यास तो सुचतच नाहीं. मन खचलें म्हणजे प्रथम उत्साह जातो. उत्साह गेला कीं मनुष्य खेळणें, फिरणें, मित्रांत बसणें सोडतो. तें सोडलें कीं दिवसाचा उरलासुरला आनंदहि नाहींसा होतो, आणि त्यायोगें मन अधिकच खचतें. रहाटगाडग्याप्रमाणें हें चक्र फिरत राहतें. अशा मनुष्यास "जरा फिरून ये, बरें वाटेल" असें सांगणें म्हणजे पाय मोडलेल्यास "चालत वैद्याकडे जा" असें सांगण्यासारखें आहे. सल्ला खोटा नसतो. पण तो अमलांत आणण्याचें बळच त्या वेळीं त्याच्या अंगीं नसतें.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं; स्वतःच्या चुकीनें शिकलों. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरांचीं छपरें उडालीं, आणि पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. कोरोनाच्या साथीमुळें शाळा आधींच बंद होत्या. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची वाडी अशीच गेली. खेळांत नेहमीं पुढें असणारा तो मुलगा घराबाहेर पडेनासा झाला. दिवसभर पडवींत भिंतीकडे तोंड करून पडून राहूं लागला. आम्हीं काय केलें? फोनवरून निरोप धाडला कीं, असा बसूं नकोस, रोज सकाळीं उठून व्यायाम करीत जा. निरोप सद्धेतूचा होता, शास्त्रास धरून होता, आणि अगदीं निरुपयोगी ठरला. मुलाकडून उत्तर आलें नाहीं, आणि आम्हींहि आपलें कर्तव्य झालें असें मानून स्वस्थ बसलों.

त्याच आळींतील कबड्डी मंडळाचा एक तरुण गडी मात्र रोज संध्याकाळीं त्याच्या दारांत जाऊन उभा राहूं लागला. त्यानें उपदेश केला नाहीं. "चल रे, पलीकडच्या वाडींतल्या पोफळी ओढायच्या आहेत, एक माणूस कमी पडतोय," एवढेंच तो म्हणे. पहिले तीन दिवस मुलगा जागचा हलला नाहीं. तरुण ओटीवर थोडा वेळ बसे, त्याच्या आईनें दिलेला चहा घेई, आणि "उद्यां येतों" म्हणून निघून जाई. चवथ्या दिवशीं मुलगा उठला. पडलेलीं झाडें ओढून झाल्यावर दोघे किनाऱ्यानें चालून येऊं लागले. पावसाळा ओसरला तेव्हां आणखी चार मुलें त्यांस येऊन मिळालीं होतीं. यांत चमत्कार कांहीं झाला नाहीं. वाडी परत आली नाहीं. मधून मधून त्या मुलाचे दिवस पुन्हां वाईट गेले, आणि शेवटीं त्यास डॉक्टरांकडेहि न्यावें लागलें. पण त्यास डॉक्टरांकडे न्या, असें त्याच्या वडिलांस प्रथम सांगणारा तोच तरुण होता. पुढें शाळा उघडली तेव्हां मुलगा वर्गांत येऊन बसला. आमचा निरोप व त्या तरुणाचें दारांत उभें राहणें यांत जें अंतर आहे, तेंच या लेखाचें सार होय.

महाराष्ट्रांत अशा नायकांची परंपरा नवी नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ व व्यायाम जगास दाखविले. मद्रासेस १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय सुरू केलें. लोणावळ्यास १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम स्थापून आसनें व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो हें प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला. त्या काळीं मुख्य दृष्टि बलोपासनेवर होती. मनाच्या दुखण्याविषयीं चारचौघांत बोलण्याची रीत नव्हती, आणि आजहि ती पुरती पडलेली नाहीं. तथापि गांवोगांव तालमींतून पोरांस गोळा करणारे, स्वतः आधीं माती उकरून मग इतरांस हांक मारणारे लोक याच परंपरेनें निर्माण केले.

आरंभीं ज्या हंसणाऱ्या मंडळींचा उल्लेख केला, त्यांचा उगम मुंबईंतच झाला. १३ मार्च १९९५ रोजीं डॉ. मदन कटारिया यांनीं अंधेरी भागांतील एका उद्यानांत अवघ्या पांच जणांचा मेळा भरविला. प्रथम ते एकमेकांस विनोद सांगत. कांहीं दिवसांतच चांगले विनोद संपले, आणि उरले ते कोणास ना कोणास बोंचूं लागले. तेव्हां विनोदावांचूनच हंसावें, अशी युक्ति डॉक्टरांनीं काढिली. हंसण्याची नुसती नक्कल केली तरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतां पाहतां खरेंच हंसूं येतें, असा त्यांस अनुभव आला. त्यास श्वसनाची व अंग मोकळें करण्याची जोड मिळाली, आणि हास्यक्लबांची ही चाल पुढें देशोदेशीं पसरली. पुण्याच्या उद्यानांतहि असे वर्ग नेमानें भरतात. या पसाऱ्याचा भार स्वयंसेवक नायकांनींच वाहिला आहे. हंसण्यानें सर्व रोग बरे होतात, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कोणत्याहि एका उपायाविषयीं तसें म्हणणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजीं लंडनच्या बुशी पार्क नांवाच्या उद्यानांत १३ जण पांच किलोमीटर धांवले. हा उपक्रम योजणारे पॉल सिंटन-ह्यूट हे स्वतः चांगले धांवपटू. परंतु दुखापतीमुळें त्यांस त्या वेळीं धांवतां येत नव्हतें. धांवणें सुटलें तरी मित्रांची भेट सुटूं नये, म्हणून त्यांनीं घड्याळ हातीं घेऊन वेळ मोजण्याचें काम पत्करिलें. त्यांतूनच पार्करन ही धर्मादाय संस्था उभी राहिली. आतां अनेक देशांत दर आठवड्यास असे मेळावे भरतात. प्रवेशास फी नाहीं, चालत जाणाऱ्यासहि मज्जाव नाहीं. मार्ग दाखविणें, वेळ मोजणें, नव्या माणसास माहिती देणें, हीं सर्व कामें स्वयंसेवक करितात. त्यांपैकीं एकाचें काम आम्हांस फार आवडलें. तो सर्वांच्या मागून चालतो. तेथें शेवटचा क्रमांक नेहमीं त्या स्वयंसेवकाचा असतो. त्यामुळें आलेल्यांपैकीं कोणासहि आपण शेवटचे राहिलों अशी लाज वाटण्याचें कारण उरत नाहीं.

नायक म्हटला कीं तो सर्वांच्या पुढें, छाती काढून, शीळ फुंकीत जाणारा असावा, अशी आपली समजूत असते. स्पर्धेकरितां संघ तयार करावयाचा असेल तर तसा नायक अवश्य असावा. पण जेथें माणसें मनाच्या स्वास्थ्यासाठीं जमतात तेथें मागें राहिलेल्यावर नजर ठेवणारा नायकच अधिक उपयोगी पडतो. त्याचीं मुख्य कामें पुढीलप्रमाणें सांगतां येतील.

पहिलें काम म्हणजे वेळ पाळणें. साडेसहा म्हटले कीं साडेसहास, पाऊस असो, परीक्षा असो, त्यानें जागेवर हजर असलें पाहिजे. खचलेल्या मनाचा मनुष्य मोठ्या कष्टानें घराबाहेर पडतो. त्या दिवशीं मैदान रिकामें दिसलें तर तो पुन्हां येईल याचा भरंवसा नाहीं. याकरितांच नायक एक असूं नये, दोघे असावे. म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाहीं, आणि कोणा एकावर सारा भारहि पडत नाहीं.

दुसरें काम म्हणजे नवीन आलेल्यास पहिल्याच दिवशीं सोपें वाटेल असें कांहीं तरी करावयास देणें. चालणें, चेंडू झेलणें, दोरी धरणें, कांहींहि चालेल. ज्याच्यानें तेंहि होत नाहीं त्यानें गुण मोजावे किंवा पाण्याची कळशी सांभाळावी. एकदां त्याचें काम ठरलें म्हणजे तो पाहुणा राहत नाहीं. उद्यां तो आला नाहीं तर त्याची उणीव भासेल, हें त्याला ठाऊक असतें.

तिसरें काम गैरहजेरीकडे लक्ष ठेवण्याचें. शाळेंतील हजेरीपट दंडासाठीं असतो अशी मुलांची समजूत आहे. नायकाचा हजेरीपट मनांत असतो, आणि तो काळजीसाठीं असतो. दोन दिवस कोणी दिसला नाहीं तर त्याच्या घरीं जावें. "कां आला नाहींस?" असा जाब विचारूं नये, "तुझी आठवण झाली" एवढें म्हटलें तरी पुरे. त्यानें आपणहून कांहीं सांगितलें तर ऐकून घ्यावें, आणि तें चारचौघांत बोलूं नये.

चवथें काम सर्वांत अवघड, व तें म्हणजे आपली मर्यादा ओळखणें. नायक हा वैद्य नव्हे. कोणाची झोंप व भूक कित्येक दिवस उडाली असेल, कोणी आपलें जिणें व्यर्थ आहे असें बोलूं लागला असेल, किंवा जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा काढीत असेल, तर त्यास खेळावयास नेऊन भागत नाहीं. अशी गोष्ट गुप्त ठेवण्याचें वचन नायकानें देऊं नये. तात्काळ घरच्या वडील माणसांस, शिक्षकांस व डॉक्टरांस कळवावें, आणि तोंवर त्यास एकटें सोडूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें टेली-मानस नांवाची विनामूल्य सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां मनाच्या दुखण्याविषयीं जाणत्या माणसाशीं आपल्या भाषेंत बोलतां येतें. हा क्रमांक प्रत्येक नायकाच्या पाठ असावा.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. रायगड जिल्ह्यांत, विशेषतः अलिबाग, पेण, रोहें या भागांत, कबड्डीचें वेड किती आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आळीआळीचीं मंडळें आहेत, मैदानें आहेत, आणि पदरमोड करून सामने भरविणारे कार्यकर्तेहि आहेत. म्हणजे बिनपगारी नायक आम्हांस नव्यानें शोधावयाचे नाहींत; ते आपल्यांतच आहेत. उणीव आहे ती निराळी. सात गड्यांचा संघ निवडला कीं ज्यांची निवड झाली नाहीं ते घरीं जातात. ज्याच्या अंगांत चढाईचें बळ नाहीं, ज्याची पकड सुटते, त्यास मैदानावर जागा उरत नाहीं. आणि कित्येकदां जागेची खरी गरज त्यालाच असते. आठवड्यांतून दोन संध्याकाळ मंडळांनीं सामन्याचा विचार बाजूस ठेवून, येईल त्यास खेळावयास घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.

पावसाळ्यांत मासेमारीची बंदी लागली कीं जून व जुलै महिने होड्या वर ओढलेल्या असतात. जाळीं विणण्याचें काम असतें खरें, पण दर्यावर जाणाऱ्या माणसास तें बसणें कंठत नाहीं; पैशाची चिंता व रिकामा वेळ हीं दोन्हीं एकदमच घरांत येतात. अशा दिवसांत समाजमंदिराच्या छपराखालीं तासभर आसनें किंवा खेळ झाले तर त्याचा उपयोग होईल. कोणी म्हणेल, कीं आमच्या बायका टोपल्या वाहून व पाणी भरून थकतात, त्यांस आणखी व्यायाम कशाला? परंतु राबणें आणि खेळणें हीं एक नव्हेत. राबतांना मन कामास जुंपलेलें असतें. खेळतांना तें मोकळें होतें. गौरीच्या दिवसांत फुगडी घालून घामाघूम झालेल्या बाईचा चेहरा ज्यानें पाहिला आहे त्यास हा भेद समजावून सांगावयास नको.

पालकांस आमचें एकच सांगणें आहे. मूल दहावीस गेलें कीं प्रथम त्याचें खेळणें बंद करण्याची चाल घरोघर पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जी शिफारस केली तींत पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दिवसास सरासरी साठ मिनिटें चांगली हालचाल करावी असें म्हटलें आहे, आणि परीक्षेच्या वर्षास त्यांत सूट ठेविलेली नाहीं. अभ्यासाचा भार ज्या वर्षीं सर्वांत अधिक, त्याच वर्षीं मन हलकें करण्याचें साधन काढून घेणें हा हिशेब आम्हांस तोट्याचा वाटतो. शिवाय, खेळणारें मूल आपण होऊन खेळ सोडून कोपऱ्यांत बसूं लागलें तर तें आतां अभ्यासू झालें अशी समजूत करून घेऊं नये. जवळ बसून त्याची विचारपूस करावी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, नायक होण्यास बिल्ला लागत नाहीं, गणवेश लागत नाहीं. दोघातिघांनीं मिळून एक जागा व एक वेळ ठरवावी, आणि महिनाभर ती चुकवूं नये. तुमच्या वर्गांत या वर्षीं असा कोणी तरी असेलच, कीं जो पूर्वीं मधल्या सुटींत खेळत असे व आतां बांकावरच बसून राहतो. त्यास चिठ्ठी धाडूं नका. आम्हीं धाडलेल्या निरोपाचें काय झालें तें वर सांगितलेंच आहे. उद्यां संध्याकाळीं त्याच्या दारांत जा. तो आला नाहीं तर परवां पुन्हां जा. आणि तो आला म्हणजे, त्याची चाल कितीहि मंद असो, तुमच्यापैकीं एकानें त्याच्या मागून चालावें.